रानडुक्कर ‘उपद्रवी’ जाहीर करा, असा ठराव ग्रामसभेनं पाठवायचा तरी कुणाकडे?

बांधकरी:
नमस्कार मंडळी. पुढच्या ग्रामसभेत एक ठराव येतोय: ‘गावशिवारातील रानडुकरे व रोही (नीलगाय) यांना उपद्रवी प्राणी घोषित करून शेतकऱ्यांना त्यांची शिकार करण्याची मुभा द्यावी.’ मसुदा नीट करायचं काम माझ्याकडे आलंय आणि जो तो वेगळं सांगतोय. सरपंचांच्या मते ठराव पालकमंत्र्यांकडे द्यायचा, ग्रामसेवकांच्या मते जिल्हाधिकाऱ्यांकडे. बीट गार्ड म्हणतो, डुक्कर आता यादीतून निघालंय, त्याला परवानगीच लागत नाही. एक जण म्हणतो, ‘शेतात शिरलं की स्वसंरक्षण’. शिवार वनहद्दीला लागून आहे, अभयारण्याची सीमा साधारण सात किलोमीटरवर. पिकं मका, हरभरा, थोडा ऊस. गावात परवान्याच्या दोन बंदुका आहेत, एक बारा बोर आणि एक ठासणीची. हे नियम नक्की कोण करतं, कोणता अधिकारी काय देऊ शकतो, आणि चुकलं तर काय होतं, हे जाणकारांनी सांगावं.

सातबारा:
बीट गार्डचं म्हणणं आधी निकालात काढू. डुक्कर यादीतून निघालेलं नाही, यादीच बदललीय. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ला पूर्वी सहा अनुसूची होत्या आणि रानडुक्कर, रोही दोन्ही तिसरीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि सहाच्या चार झाल्या. पहिलीत सर्वाधिक संरक्षणाचे प्राणी, दुसरीत बाकीचे संरक्षित, तिसरीत वनस्पती, चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापार कराराखालच्या प्रजाती. डुक्कर आणि रोही दुसरीत आले. उंदीर, कावळा, फळं खाणारी वटवाघळं ज्या पाचव्या अनुसूचीत ‘उपद्रवी’ म्हणून होती ती अनुसूचीच गेली. ‘तिसरीतून काढलं’ एवढंच कुणाच्या तरी कानावर पडलं असणार, आणि पुढचं अर्धं वाक्य वाटेत सांडलं.

आता नियम कोण करतं. वन्य प्राणी हा विषय मुळात राज्यांचा. मुंबई राज्याचा १९५१ चा स्वतःचा कायदा होता, त्यात शिकारीचे परवाने होते. १९७२ चा कायदा संसदेनं केला तोही काही राज्यांच्या विधिमंडळांनी तसे ठराव दिले म्हणून. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं विषय समवर्ती सूचीत गेला. १९७२ च्या मूळ कायद्यातसुद्धा शिकारीचा परवाना होता, तो १९९१ च्या दुरुस्तीनं बंद केला. तेव्हापासून आपल्याकडे हंगाम नाही, कोटा नाही, हौशी शिकारीचा परवाना नाही. कलम ९ ची सरसकट बंदी, आणि तिला कलम ११ चे मोजके अपवाद.

तुमच्या ठरावातला ‘उपद्रवी घोषित करा’ हा भाग कलम ६२ चा आहे. तो अधिकार फक्त केंद्र सरकारचा. दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी, ठरावीक क्षेत्र, ठरावीक मुदत, अशी अधिसूचना निघते; ती चालू असेपर्यंत त्या क्षेत्रात तो प्राणी दुसऱ्या अनुसूचीत नाही असं धरतात. बिहारला डिसेंबर २०१५ मध्ये रोही आणि रानडुकरासाठी, उत्तराखंडला फेब्रुवारी २०१६ मध्ये रानडुकरासाठी अशी अधिसूचना मिळाली होती. केरळनं रानडुकरासाठी पुन्हा पुन्हा मागणी केली, केंद्रानं नाकारली. म्हणजे पालकमंत्री, जिल्हाधिकारी, अगदी मुख्यमंत्रीसुद्धा हे जाहीर करू शकत नाहीत. राज्य फार तर प्रस्ताव पाठवेल.

राज्याच्या हातात आहे ते कलम ११(१)(ख). दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाला किंवा मालमत्तेला धोकादायक झाला, तर मुख्य वन्यजीव रक्षक (राज्यातला वन्यजीवांचा सर्वोच्च अधिकारी) किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणं नमूद करून, लेखी आदेशानं, ठरावीक क्षेत्रात शिकारीची परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत ‘उभी पिके’ हे शब्द कलमातच आहेत. महाराष्ट्रानं २०१५ च्या शासन निर्णयानं रानडुक्कर आणि रोहीपुरता हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. केरळनं २०२२ मध्ये रानडुकरासाठी तो स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिला. आपल्या सरपंचांना तो नाही, हे ठराव लिहिताना लक्षात ठेवा.

वाघ-बिबट्याची गोष्ट वेगळी. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला मारण्याचा कलम ११(१)(क) चा आदेश फक्त मुख्य वन्यजीव रक्षकच काढू शकतात, कलम ५(२) नुसार तो अधिकार खाली देताच येत नाही. पकडणं, बेशुद्ध करणं, हलवणं शक्य नाही याची खात्री आधी व्हावी लागते, आणि पीक नुकसान हे कारण तिथं चालत नाही. आदेश असूनही अंमलबजावणी कशी झाली यावरून किती रान उठतं ते पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीला मारलं तेव्हा, नोव्हेंबर २०१८ मध्ये, सगळ्यांनी पाहिलंच.

स्वसंरक्षणाचा मुद्दा: कलम ११(२) फक्त माणसाच्या बचावाला आहे, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या. मक्याच्या बचावाला नाही.

तेव्हा ठरावातली मागणी बदला. ‘घोषित करा’ ऐवजी ‘कलम ११(१)(ख) खाली अमुक गटांत, अमुक पिकाच्या काळात परवानगी द्यावी’ असं लिहा आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे द्या. उपद्रवी घोषणेची मागणी ठेवायचीच असेल तर तिचा वेगळा ठराव करून उपवनसंरक्षकांमार्फत नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) यांच्याकडे पाठवा. दोन्ही एकाच कागदावर आले की तो कागद टेबलावरून टेबलावर फिरतो आणि परवानगीही मिळत नाही.

गोफणगुंडा:
परवानगी काढली की प्रश्नच मिटला ना. आमच्या भागात परवानगीनं मारलेलं डुक्कर गावातच वाटून खातात, कुणी काही बोलत नाही.

राऊंडचा माणूस:
गोफणगुंडा, हा गुन्हा आहे आणि परवानगी असूनही आहे. कलम ३९(१)(क) वाचा. कलम ११ खाली मारलेला प्राणीसुद्धा सरकारी मालमत्ता. त्याचं मांस, सुळे, कातडं काहीही घरी नेलं तर शिकारीचा नाही, पण सरकारी मालमत्ता ठेवल्याचा गुन्हा लागतो. कुणी बोलत नाही ते कुणी तक्रार करेपर्यंत. भावकीत वाद असेल तर तक्रार त्याच रात्री होते.

आता बांधकरी यांच्यासाठी, अर्ज कसा करायचा ते. ग्रामसभेचा ठराव एकटा पुरत नाही. ज्याचं पीक गेलं त्याचा अर्ज हवा, कारण आदेशात क्षेत्र आणि कारण लिहावं लागतं आणि ते गट क्रमांकाशिवाय लिहिता येत नाही. अर्जाला सातबारा, पिकाची अवस्था (पेरा, कणीस धरलेलं, काढणीला आलेलं), नुकसानीच्या तारखा, फोटो, बंदूक कोण चालवणार त्याचं नाव आणि परवान्याची प्रत जोडा. सात-आठ लगतच्या शेतकऱ्यांनी एकाच दिवशी वेगवेगळे अर्ज दिले तर अधिकाऱ्याला सलग पट्ट्याचा आदेश काढता येतो. हे महत्त्वाचं आहे, कारण डुक्कर गोळी खाऊन पडतं ते बहुधा शेजारच्याच्या गटात. आदेश एका गटाचा आणि जनावर दुसऱ्या गटात, मग पंचनामा अडतो. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नका. कायद्यात ‘लेखी आदेश’ असे शब्द आहेत; ‘साहेबांनी फोनवर हो म्हटलं’ याला कोर्टात किंमत नाही.

नुकसान कोणत्या जनावराचं, हे पाहणीला येणारा ठरवतो, पण खुणा टिकवून ठेवणं तुमच्या हातात. डुक्कर जमीन मुसंडीनं उकरतं, मक्याचं ताट आडवं पाडून कणीस चघळतं, आणि ओल्या मातीत दोन खुरांच्या मागं बाजूच्या लहान नख्यांचे ठसे उमटतात. रोही उकरत नाही, उभ्यानं शेंडे आणि घाटे ओरबाडतं. रोह्याच्या लेंड्यांचा एकाच जागी साठलेला ढीग बांधाच्या आसपास सापडतो, त्याचा फोटो घ्या. सकाळी पाणी सोडलं की हे सगळं गेलं, म्हणून पाहणी होईपर्यंत तेवढा वाफा कोरडा ठेवा. भरपाईचा अर्जही याच वेळी टाका, घटनेपासून तीन दिवसांत. मुदत गेली की उरतात त्या फक्त विनवण्या.

जनावर मारल्यावर हलवायचं नाही. वनरक्षकाला कळवायचं, जागेवर पंचनामा होतो, जनावराची विल्हेवाट खातंच लावतं. किती मारली याचा हिशेब परिक्षेत्र कार्यालयात राहतो. पिलं असलेली मादी सोडा, असं आम्ही सांगतो. आदेशात तशी अट घातलेली असेल तर ती अट मोडणं म्हणजे आदेशाबाहेरची शिकार.

ऑस्टिनकर:
इथं टेक्साससारख्या राज्यात काय चालतं ते सांगतो, कारण ‘अमेरिकेत परवाना मिळतो, आपल्याकडे का नाही’ हा प्रश्न दर वेळी येतोच. शिकारीचे नियम राज्याचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ कमिशन करतं. नऊ सदस्य, गव्हर्नरनं नेमलेले. प्रस्तावित बदल राज्याच्या राजपत्रात छापतात, लोकांची मतं घेतात, मग कमिशन मतदान करतं. हरणासाठी परवाना, परवान्याला जोडलेले टॅग (मारलेल्या हरणाला लावायच्या चिठ्ठ्या) आणि काउंटीप्रमाणे मर्यादा. खात्याचा बराचसा पैसा परवान्यांच्या विक्रीतून आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-काडतुसांवर बसवलेल्या केंद्रीय करातून येतो. रायफल आणि बारा बोरवर तो ११ टक्के आहे. थोडक्यात, शिकारी हाच खात्याचा गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे तो पायाच नाही.

डुकराचं मात्र इथं उलटं. इथलं रानटी डुक्कर मूळचं इथलं नाही, स्पॅनिश लोकांनी आणलेल्या पाळीव डुकरांचा वंश. त्यामुळे ते ‘गेम’ म्हणजे नियमाखालच्या शिकारीच्या प्राण्यांत धरतच नाहीत. हंगाम नाही, मर्यादा नाही, आणि २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं मारायला परवानाही लागत नाही. इतकी मोकळीक असूनही डुकरं काही आटोक्यात आलेली नाहीत.

काळा कोट:
अंमलबजावणीबद्दल. इथल्या बऱ्याच जणांना वाटतं की पोलिसांनी गुन्हा नोंदवला, दोषारोपपत्र दिलं की खटला उभा राहिला. वन्यजीव कायद्यात तसं नाही. कलम ५५ प्रमाणे न्यायालय दखल घेतं ती प्राधिकृत अधिकाऱ्याच्या फिर्यादीवर, किंवा साठ दिवसांची नोटीस दिलेल्या खाजगी व्यक्तीच्या फिर्यादीवर. नुसत्या पोलीस दोषारोपपत्रावर चाललेले खटले याच मुद्द्यावर कोसळतात. आरोपीच्या वकिलाला पहिल्या तारखेला एवढंच तपासायचं असतं.

झडती, जप्ती, अटक हे कलम ५० खाली कोणताही वनाधिकारी किंवा उपनिरीक्षक आणि त्यावरचा पोलीस अधिकारी करू शकतो. साक्ष नोंदवण्याचा अधिकार मात्र प्राधिकृत सहायक वनसंरक्षक आणि त्यावरच्यांनाच. ती साक्ष आरोपीच्या समक्ष नोंदवलेली असेल तरच पुढं खटल्यात ग्राह्य धरतात. ‘आरोपी बाहेर बसला होता’ एवढं उलटतपासणीत निघालं की तो कागद रद्दीत.

सगळ्यात जास्त केसेस मांसावर हरतात. शिजवलेलं मांस जप्त केलं, पण ते कशाचं? बचाव ठरलेला: ‘गावठी डुक्कर आहे, बाजारातून आणलं.’ गावठी डुक्कर वन्य प्राणी नाही, म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी फिर्यादीवर. डीएनए तपासणीसाठी नमुना देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे किंवा हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राच्या प्रयोगशाळेकडे जातो. तो अल्कोहोलमध्ये ठेवायचा असतो. फॉर्मॅलिनमध्ये टाकला की डीएनए खराब होतो आणि अहवालात ‘निष्कर्ष काढता आला नाही’ एवढंच येतं. सीलवर पंचांच्या सह्या, सीलचा नमुना स्वतंत्र, आणि जप्तीपासून रवानगीपर्यंत नमुना कुठं होता याची नोंद. परिक्षेत्र कार्यालयाच्या फ्रिजमध्ये तीन आठवडे नोंदीविना पडलेला नमुना कुठलाही न्यायाधीश मानणार नाही.

शिक्षा. दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्ह्यात वापरलेली गाडी, बंदूक, जाळं जप्त होऊन सरकारजमा होऊ शकतं. यात तडजोडीची वाट आहे, तिची कमाल रक्कम २०२२ च्या दुरुस्तीनं पाच लाखांवर नेली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल किंवा शिकार अभयारण्यात, राष्ट्रीय उद्यानात झाली असेल तर किमान तीन वर्षं, कमाल सात, दंड किमान २५ हजार, आणि तडजोड नाही.

‘शिकार’ या शब्दाची व्याख्याही पाहून ठेवा. फास लावणं, विष घालणं, हाकारा करणं, आमिष दाखवणं, आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, सगळं त्यात येतं. कणकेच्या गोळ्यातला गावठी बॉम्ब लावला तर स्फोटक पदार्थ कायदा वेगळा. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मेला तर ‘आमचा उद्देश डुकराचा होता’ हे ऐकून घेतलं जात नाही, पहिल्या अनुसूचीचा गुन्हा लागतो. २०१७ मध्ये नागभीड भागात कॉलर लावलेला श्रीनिवास वाघ असाच विजेच्या तारेनं मेला.

झटकावाला:
तारेचा विषय निघालाच आहे तर. ‘करंट लावणं’ आणि झटका मशीन यांत लोक अजून घोळ करतात. आकडा टाकून २३० व्होल्टची लाइन तारेत सोडली की प्रवाह सतत चालू राहतो, स्नायू आखडतात, हात सुटत नाही. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं, वीजचोरीचं वेगळं. झटका मशीन १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. व्होल्टेज काही हजारांत, पण ठोका अगदी क्षणभराचा, दोन ठोक्यांमध्ये किमान एक सेकंद. आंतरराष्ट्रीय मानकात ५०० ओहमवर एका ठोक्याची ऊर्जा पाच ज्यूलच्या आत ठेवावी लागते आणि ठोका दहा मिलिसेकंदांपेक्षा लांब चालत नाही. जत्रेतून आणलेल्या, वर मानकाचा छाप नसलेल्या डब्यांवर भरवसा ठेवू नका, आणि मशीन कधीही थेट मेनवर जोडू नका.

डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर ते खालून निघून जातं. रोही उडी मारतं, त्याला वरची तार खांद्याच्या वर लागते. कुंपण निकामी होण्याची मुख्य कारणं दोन: पावसात गवत तारेला टेकून करंट जमिनीत जाणं, आणि अर्थिंग कोरडं पडणं. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईजवळ पाणी ओतत राहा. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेत वनालगतच्या गावांना सौरकुंपणाला अनुदान आहे, ग्रामसभेनं त्याची मागणी याच ठरावात घालावी.

बांधकरी:
फारच कामाचं. दोन ठराव वेगळे करतो. एक राहिलं: दोन बंदुकांपैकी बारा बोरचा परवाना स्वसंरक्षणासाठीचा आहे. चालेल का? आणि आणखी दोघांना पीकसंरक्षणासाठी नवा परवाना काढायचाय.

काळा कोट:
शस्त्र कायद्याच्या कलम १३(३) मध्ये वीस इंचांपेक्षा कमी नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक संरक्षण किंवा खेळासाठी, आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी, असं स्पष्ट आहे. म्हणजे तुमची ठासणीची सरळ बसते. बारा बोर पहिल्या प्रकारात येते, पीकसंरक्षणाच्या नाही, म्हणून बारा बोरवाल्याचं नाव शिकारीच्या आदेशात आलंच पाहिजे. शिवाय परवान्यावर कोणत्या क्षेत्रापुरता आणि कोणत्या अटींवर दिलाय ते आधी वाचा. परवानाधारकाची बंदूक मुलानं किंवा गड्यानं चालवली तर दोघंही अडकतात.

नव्या परवान्याला अडचण आहे. अभयारण्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत वन्यजीव कायद्याचं कलम ३४ लागतं. तिथल्या जुन्या बंदूकधारकांना वन्यजीव विभागाकडे नोंदणी करावी लागते, आणि नवा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसहमतीशिवाय देता येत नाही. तुम्ही सात किलोमीटरवर आहात. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज टाकताना सहमतीची मागणी वन विभागाकडे त्याच दिवशी करा, नाहीतर एक कार्यालय दुसऱ्याच्या पत्राची वाट बघत बसतं. दोन्ही जुन्या बंदुकांची कलम ३४ ची नोंदणी झालीय का तेही आत्ताच तपासा, पंचनाम्याच्या वेळी ती नसल्याचं निघणं परवडणार नाही.

राऊंडचा माणूस:
आणि निवडणुकीचं पाहून घ्या. आचारसंहिता लागली की बहुतेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. आदेश हातात, मका कणसावर आणि बंदूक ठाण्यात, असं होऊ शकतं. सूट हवी असेल तर जिल्ह्याच्या छाननी समितीकडे अर्ज करावा लागतो, त्यासोबत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत जोडा. तोवर जागल आणि झटका मशीन.